रोझारियोची चाकावरची खोली

आमच्या आचऱ्यात एखादं फाटक रोझारियो लोबोने केलंय की दुसऱ्या कुणी, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. ढकलून बघायचं. हाताने उघडलं तर दुसऱ्याचं, खांदा लावावा लागला तर रोझारियोचं. माझ्या घराला त्याचंच फाटक आहे. एकदा शेजारचा बैल त्यावर अंग घासत होता. बैलाचं शिंग मोडलं, फाटकाचा रंगसुद्धा गेला नाही. "जरा हलकां कर रे," असं मी त्याला आधी बजावलं होतं. त्यावर तो म्हणाला, "आनी हत्ती इलो तर?"

आता सिंधुदुर्गात हत्ती येतात हे खरं, पण ते तिकडे दोडामार्गाच्या रानात. आचऱ्याच्या किनाऱ्यावर हत्ती काय बांगडे खायला येणार? पण रोझारियोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तो वाद घालतच नाही. एक वाक्य बोलतो आणि वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढतो. संपलं.

मी एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होतो. माणूस गाडीत चढला की तो कुठे उतरणार हे मी तोंडावरून सांगत असे. रोझारियो मात्र मला कधी कळला नाही. त्याचं माणसांशी जमत नाही, लोखंडाशी जमतं. लग्नाला बोलावलं तर स्वतः येत नाही, मंडपाला लागणारे हूक पाठवतो. बारशाला पाळण्याची साखळी पाठवतो. कुणाशी बोलायची वेळ आलीच, तर त्याची नजर समोरच्याच्या मागे असलेल्या खिडकीच्या गजांवर असते. लोखंडाचा तुकडा नुसता उचलून तो वजन सांगतो. मालवणच्या एका भंगारवाल्याने ते एकदा काट्यावर पडताळून पाहिलं, तर काटाच चुकीचा निघाला.

त्याची बायको आपोलिना अगदी उलट. ती म्हापशाची. अडतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आचऱ्यात आली आणि पुढे तीस वर्षं आमच्या बालवाडीची बाई होती. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं तिने पुसलेली आहेत, आणि आज मिशा आल्या तरी त्यांना ती ते विसरू देत नाही. दोन्ही गुडघे आता गेले. चाळीस पावलं चालली की ती थांबते, कंबरेवर हात ठेवते आणि समोर जो दिसेल त्याच्याशी बोलायला लागते, म्हणजे आपण दुखतंय म्हणून थांबलो असं कुणाला वाटू नये.

तर ही गोष्ट आमच्या गेल्या गावपळणीची. आचऱ्याबाहेरच्या माणसाला ही भानगड सांगावी लागते. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. हिंदू नाही, मुसलमान नाही, किरिस्तांव नाही, गाव म्हणजे गाव. माळावर, नदीकाठी राहुट्या उभारायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देव हो म्हणाला की परतायचं. तोवर वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. मीठ विसरलं तर शेजारच्या राहुटीतून मागायचं, दात विसरले तर तीन दिवस पेज प्यायची. माझे एकदा विसरले होते, म्हणून अधिकाराने सांगतो.

आपोलिनाला ही गावपळण नाताळाइतकी प्यारी. नवी नवरी होती तेव्हा लग्नानंतर चार महिन्यांत पहिली गावपळण आली. तोवर ती नुसती 'रोझारियोची गोंयची बायल' होती. त्या तीन दिवसांत ती एकेका राहुटीत जाऊन बसली आणि प्रत्येक ठिकाणी एकेक घास खाल्ला. तेव्हापासून तिचा तो नेमच झाला.

"घराक दार आसता, भाई," ती मला सांगते. "दारात उभा रवान माणूस इचारता, काय काम होता? राहुटीक दार खंय? गेलंय, बसलंय, जेवलंय. अशी मी गावाची झालंय."

पण या गोष्टीच्या आधीच्या खेपेला गुडघे एवढे सुजले होते की जमिनीवर बसता येईना, उठता येईना. रोझारियोने तिला बहिणीकडे म्हापशाला नेऊन सोडलं. तीन दिवस ती टीव्ही बघत बसली. परत आल्यावर महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. त्याला ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं ही गोष्ट वेगळी.

या वेळी कौल झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात चहा पीत होतो. आपोलिना म्हणाली, "औंदा मी म्हापशाक जावचंय नाय. सगळ्या राहुट्यांत जातलंय. नाय जमला तर ह्या गावची म्हणान माका कोणी हाक मारू नका."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कपात बघत राहिलो. रोझारियो म्हणाला, "बरां."

दुसऱ्या दिवशी त्याने होडी ओढायची एक जुनी ट्रॉली वर्कशॉपात घेतली आणि तिच्यावर खोली बांधायला सुरुवात केली. प्लायवूडच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आत खुर्चीच्या उंचीची झोपायची फळी, म्हणजे आपोलिनाला खाली वाकायला नको. चढायला रुंद पायरी. पुढच्या बाजूला, त्याच्या जीपला जोडायच्या दांडीवर, डाळ-तांदूळ आणि भांड्यांसाठी लोखंडी पेटी. ती पेटी आपोलिनाची, तिच्यात रोझारियो कधी डोकावणार नाही हे ठरलेलं, कारण ज्या डब्यात मिरची असते तो डबा आपला नाही असं तो मानतो. आणि खिडकीला गज. असे गज, की कणकवलीच्या पोलिसांनी बघितले असते तर मागून नेले असते.

"अरे, गावच सगळो भायर," मी म्हटलं. "चोरी कोण करतलो?"

"हत्ती," तो म्हणाला. हा विनोद होता की काय, हे मला आजही माहीत नाही.

खोली झाली, पण राहुट्या काय एका ओळीत नसतात. आमच्या बाजूचा माळच दीडेक किलोमीटर पसरलेला, चढ-उताराचा, त्यावर साठ-सत्तर राहुट्या. खोलीपर्यंत आपोलिना पोचेल, पुढे काय? पुढे सायकली. त्यांची लेक वेनेसा पुण्यात नोकरीला आहे, तिने वर्षापूर्वी आईबापांना दोन विजेच्या सायकली पाठवल्या होत्या. पेडल नावाला मारायचं, जोर बॅटरीचा. चाळीस पावलांवर थांबणारी आपोलिना त्या सायकलवर बंदरापर्यंत जाऊन येते, डॉक्टरही नको म्हणत नाही. रोझारियोने आपली सायकल आजवर फक्त पुसली होती.

"दोनूय न्हेवया," आपोलिना म्हणाली. "तू पण ये माज्यावांगडा. अडतीस वर्सांत एका राहुटीत तरी पाय ठेवलंस?"

"बघूया," रोझारियो म्हणाला. त्याच्या भाषेत याचा अर्थ नाही असा होतो.

सायकली ठेवायला त्याने रॅक केला. एकेक सायकल पंचवीस किलोची आणि रॅक, अर्थात, दोन्ही सायकलींहून भारी. तो त्याने खोलीच्या पाठीमागे लावला. जीपच्या मागे खोली, खोलीच्या मागे सायकली. दिसायला झकास. चाचणीसाठी आम्ही दोघं निघालो. सपाटीवर सगळं ठीक होतं. तिठ्यापलीकडचा उतार लागला आणि मागची खोली डावी-उजवीकडे झुलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग एवढी की ती जीपलाच ओढायला लागली. मी नुसता ओरडत होतो आणि सवयीने घंटीची दोरी शोधत होतो.

"थांबव रे मेल्या!"

रोझारियोने ब्रेकवर पाय दाबला नाही. नुसता काढून घेतला ॲक्सिलरेटरवरचा. गाडी हळूहळू शहाणी झाली आणि एका काजूच्या झाडाच्या अलीकडे थांबली.

मग मला वडलांची बैलगाडी आठवली. "भार मागे झालो रे," मी म्हटलं. "आमच्या गाडयेत मागे गवात जास्ती झाला की जू बैलांच्या मानेवरसून वर उचलायचा. गाडी उलाळली म्हणत ती हीच."

रोझारियो खाली उतरला. दांडी जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून सोडवली आणि एका हाताने वर उचलली. लहान मूल उचलावं तशी ती सहज उचलली गेली. "आठ किलो," तो म्हणाला. "म्होरं काय भारच नाय." त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे, गजांकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाई, तू एसटीत फुकट गेलंस."

रॅक पुढे आला, दांडीवर, पेटीच्या अंगाला. जीप वळताना सायकली तिला घासणार नाहीत एवढं अंतर त्याने मोजून ठेवलं. पुन्हा तोच उतार उतरलो, तर खोली सुतासारखी मागून आली. त्यानंतर तो रोज दांडी उचलून बघायचा. चाळीस किलो आलं तेव्हा त्याचं समाधान झालं. प्रत्येकी तीन किलोच्या बॅटऱ्या सायकलींवरून काढून आत वेगळ्या न्यायच्या, म्हणजे रॅकवर हिसके कमी बसतील, हेही त्यानेच ठरवलं.

निघायचा दिवस आला. त्याने सगळं भरलं, दांडी शेवटची उचलून बघितली, "चाळीस" म्हणाला आणि जीपला जोडली. बॅटऱ्या वर्कशॉपातल्या बाकड्यावर चार्ज होत होत्या. तेवढ्यात कोंबडा सुटला. आमच्या गावात त्या दिवशी कोंबडा मागे ठेवून चालत नाही, म्हणून आम्ही दोघं त्याच्या मागे माडांमधून धावलो. पाऊण तासाने कोंबडा मिळाला, तोवर ढोल वाजले होते, सगळी वाडी रस्त्यावर आली होती, आणि त्या घाईत आम्ही निघालो. माझी बायको सुभद्रा आणि मी मागच्या सीटवर, मांडीवर कोंबडा. वाटेत पोरं खोलीमागे धावत होती आणि आपोलिना जीपच्या खिडकीतून हात हलवत होती, जणू निवडणुकीला उभी आहे.

माळावर पोचलो. सायकली अजून रॅकवरच होत्या. मी सहज विचारलं, "बॅटऱ्यो खंय?"

रोझारियोचा चेहरा राखेसारखा झाला. "बाकड्यार रवल्यो."

आपोलिना सायकलच्या सीटवर हात ठेवून उभी होती. साठ-सत्तर राहुट्या, दीड किलोमीटर, आणि तिच्याकडे चाळीस पावलं. रोझारियो तरातरा वेशीकडे चालू लागला. मी त्याच्या मागोमाग. वेशीच्या मोरीपाशी, रस्त्यावरच्या त्या छोट्या पुलापाशी, तो थांबला. पलीकडे रिकामा रस्ता. एवढा रिकामा रस्ता मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

"वीस मिनटांचा काम," मी म्हटलं. "जा आनी ये. हय कोण बघता?"

"देव बघता."

"तुझो काय माझो?"

"गावचो," तो म्हणाला आणि वळला.

परत आल्यावर त्याने जीपपासून खोली सोडवायला घेतली. दांडी दोन्ही हातांनी उचलली, बाजूला नेली, खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. तशीच धरून काही क्षण उभा राहिला. मला वाटलं कंबर भरली.

"काय झाला रे?"

"काय नाय." त्याने दांडी ठेवली, बायकोची सायकल रॅकवरून खाली घेतली, हात पुसले आणि तिच्यापाशी गेला. "चल गो. बस सायकलीर. मी ढकलतंय."

आपोलिना काही फुलासारखी हलकी नाही, आणि बॅटरी नसलेली ती सायकल म्हणजे निव्वळ लोखंड. पण तो ढकलू लागला. एक हात सीटच्या मागे, एक हँडलवर, खांद्यावर टॉवेल. पहिल्या चढाला अर्धा माळ बघायला गोळा झाला. "बाई, तिकीट काढलात?" कुणीतरी ओरडलं. आपोलिना वर बसून सगळ्यांना नमस्कार करत होती. रोझारियोचं तोंड आणि लाल शर्ट एकाच रंगाचे झाले होते.

पहिली राहुटी नर्मदाकाकीची. आपोलिना आत जाऊन खाटेवर बसली आणि पेजेचा घास घेतला. रोझारियो बाहेर दोरीशी चाळा करत उभा. काकी म्हणाली, "तू काय भायर रवतलंस? हडे ये." राहुटीला दार नसतं, त्यामुळे बाहेर राहायला त्याच्याकडे कारणही नव्हतं. आत आला आणि त्याची नजर चुलीवरच्या लोखंडी तिवईवर गेली.

"ही माजी," तो म्हणाला.

"तुजीच. वीस वर्सां झाली. पाय हलाक नाय."

त्याने खाली बसून तिवई हलवून बघितली आणि हसला. खरं सांगतो, मी त्याला दात दाखवून हसताना पहिल्यांदा बघितलं. मग प्रत्येक राहुटीत हेच. कुणाच्या कोयतीची मूठ, कुणाचा पाण्याचा हूक, कुणाचा पाळणा. गावाने वेशीबाहेर नेलेल्या सामानात निम्मं त्याच्या हातचं होतं. तिसऱ्या राहुटीत तो बसला, सातव्या राहुटीत त्याने स्वतःहून पाणी मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हरिश्चंद्र सुताराशी कोयंड्यावरून त्याचं चक्क भांडण झालं. मोठ्याने, हातवारे करून. आपोलिना शेजारी बसून वडे खात होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला उगीच सुभद्राशी चांगलं वागावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सुभद्राने मला मीठ आणायला त्यांच्या खोलीकडे पाठवलं. आपोलिना पायरीवर बसली होती. "पेटीतला मीठ घेतंय," म्हणून मी झाकण उचललं. "रवा, मी देतंय," असं ती म्हणाली, पण उशीर झाला होता. तांदळाच्या पिशवीखाली, वेनेसाच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेल्या, दोन काळ्या बॅटऱ्या.

"वहिनी!"

"श्श." तिने तोंडावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तुमी कोंबड्यामागे धावत होतात तेवा मीच ठेवलंय. भार म्होरं व्हयो, असां तोच सांगी होतो. हय इल्यार सांगतलंयच होतंय. तो वेशीर गेलो, तेवा एक पाय पलीकडे टाकतो तर बोंब मारतलंय होतंय. पण परत इलो आनी म्हणालो, मी ढकलतंय." ती थांबली. "अडतीस वर्सांत पयल्यांदा, भाई. बॅटरी लावलंय तर मी एकटीच फिरान येतलंय. तो हय पाना घेवन बसतलो."

तेवढ्यात रोझारियो आला, खांद्यावर टॉवेल, पायाला धूळ. "चल गो," तो म्हणाला. "सात राहुट्यो रवल्यो."

मोजत होता तो. मी पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर बसलो. सत्तावीस वर्षांत विनातिकीट माणूस मी एकही सोडला नव्हता, आणि इथे पायरीवरची सोडून दिली.

चौथ्या दिवशी देवाने हो म्हटलं, ढोल वाजले, आम्ही घरी आलो. मला राहवेना. संध्याकाळी मी गंमत बघायला वर्कशॉपात गेलो. बाकडं रिकामं. रोझारियो झाडू मारत होता.

"गावल्यो बॅटऱ्यो?" मी भोळा चेहरा करून विचारलं.

"गावल्यो."

"खंय?"

त्याने झाडू ठेवला, स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "घराकडे दांडी चाळीस होती. माळार उचललंय तर शेचाळीस. सा किलो. दोन बॅटऱ्यो."

मला क्षणभर कळेना. मग तो दांडी धरून उभा राहिलेला आठवला. "म्हणजे पयल्याच दिवसा? आनी तीन दिवस तू ता ओझां ढकललंस? बोलाक काय झाला होता?"

"ती बोलाक नाय," तो म्हणाला. "म्हणजे तिका काय तरी व्हया होता. सायकल न्हय." मग परत झाडू उचलत म्हणाला, "तुझ्या फाटकाक तेल घाल. सुभद्रावहिनी सांगी होती, उघडाक जड जाता."

आता नवऱ्याचं गुपित माझ्याकडे आणि बायकोचंही माझ्याकडे. सुभद्राला सांगायची सोय नाही, कारण तिला सांगितलं की ते दुपारपर्यंत बंदरावर पोचतं.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. आपोलिनाची सायकल वर्कशॉपात उलटी टाकलेली. तिची चौकट ॲल्युमिनियमची, तिला वेल्डिंग चालत नाही, म्हणून रोझारियो सीटच्या मागे दोन पट्ट्या आवळून एक लोखंडी मूठ बसवत होता. दोन्ही हातांनी ढकलता येईल अशी, रबर गुंडाळलेली, हत्तीलाही पुरेल एवढी. विजेच्या सायकलीला ढकलायची मूठ!

आपोलिना चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "ह्यां कित्याक?"

"परत इसारल्यो तर," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मी खिडकीच्या गजांकडे बघत चहा प्यायलो.